एकाच काळ्या दगडाची सहल : देवगिरी, वेरूळ, अजिंठा, लोणार

निघण्याआधी

यंदा सहलीची पालकसभा आम्ही सप्टेंबरातच घेतली. गेवराई तालुक्यातल्या शाळेला दुसरा इलाज नाही. दसरा झाला की आमच्या मुलांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. परततात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि सहलीचा हंगाम नेमका डिसेंबर-जानेवारीचा. तेव्हा घरी फक्त आजी-आजोबा. संमतीपत्रावर सही कोणाची घ्यायची, पैसे कोणाकडे मागायचे, रात्री मूल आजारी पडलं तर फोन कोणाला लावायचा? आजवर आम्ही नोव्हेंबरात सूचना काढायचो आणि ही मुलं आपोआप गळायची. त्यांना कोणी नको म्हणत नव्हतं, तीच खाली मान घालून "मला नाही यायचं" म्हणायची. ते ऐकताना मला फार लागायचं.

म्हणून या वेळी मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) हातात येते त्याच दिवसांत पहिला हप्ता घेतला. संमतीपत्रं आईबापांना समोर बसवून भरून घेतली आणि त्याच कागदावर आजीचा अंगठा आणि मुकादमाचा फोन नंबरही घेतला. चाळीस मुलं झाली. त्यातली सतरा ऊसतोडीच्या घरांतली. मागच्या वर्षी असली तीन होती.

मग कुठे जायचं यावर वाद. मुलांना समुद्र हवा होता, तो आम्ही पहिल्याच बैठकीत नाही म्हटला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले कॉलेजचे चौदा विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून ज्यांना पोहता येत नाही अशी मुलं घेऊन पाण्यावर जायची माझी हिंमत नाही. एका सहकाऱ्याने दोन दिवसांत अकरा ठिकाणांची यादी आणली होती. तशी सहल मी पूर्वी केली आहे. उतरा, रांग लावा, फोटो काढा, चढा. परत आल्यावर निबंध लिहायला दिला तर निम्म्या वर्गाने जेवलो त्या हॉटेलातल्या कारंज्यावर लिहिलं होतं. त्यात मुलांची काहीच चूक नव्हती. उभं राहून बघायला मिळालं असं ते एकच ठिकाण होतं.

मी भूगोल शिकवते. नकाशा पसरून म्हटलं, चारच ठिकाणं घेऊ, पण चारही एकाच दगडाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर थंड होऊन जो काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट झाला, त्यावरच आपला मराठवाडा उभा आहे. देवगिरीला माणसाने तो तासून किल्ला केला, वेरूळला त्यातून देऊळ काढलं, अजिंठ्याला त्यावर चित्रं लिहिली, आणि लोणारला आकाशातून आलेल्या दगडाने त्याच कातळाला खड्डा पाडला. मुख्याध्यापकांना हे पटलं.

गाडी एसटीचीच घेतली. आगारात जाऊन प्रासंगिक करार केला, म्हणजे सहलीपुरती पूर्ण गाडी भाड्याने ठरवली. शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे, आणि वाटेत गाडी बिघडली तर पुढच्या आगारातून मदत येते, हे मला सवलतीहून मोठं वाटतं. वार ठरवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते : अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. म्हणून बुधवार ते शनिवार. पंधरा वर्षांच्या आतल्यांना लेण्यांत तिकीट नाही, त्यासाठी जन्मतारखांसह यादी शाळेच्या शिक्क्याने सोबत ठेवली. दहा मुलांमागे एक शिक्षक, चौघांपैकी दोघी आम्ही बाया. माझ्या पिशवीत उलटीच्या गोळ्या, ओआरएस, सॅनिटरी पॅड आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. आणि हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या ऐंशी पट्ट्या, प्रत्येकाला दोन.

पहिला दिवस, बुधवार

पहाटे पाचला निघालो. थंडी मी म्हणत होती. शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पुलाजवळ उसाच्या मोळ्या लादलेली बैलगाडी दिसली आणि अर्धी गाडी खिडकीला चिकटली. गाडीवरचं माणूस ओळखीचं निघेल असं प्रत्येकाला वाटत होतं.

साडेआठला देवगिरी. बारावे शतक सरता सरता भिल्लम यादवाने इथे राजधानी वसवली, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून नाव दौलताबाद केलं. हे सगळं पुस्तकात असतं. पुस्तकात नसतो तो तासलेला कडा. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी छिन्नीने असा उभा केला आहे की पायच टेकू नये, आणि त्याच्या पायथ्याशी कातळातच खोदलेला खंदक. कठड्यावरून वाकून मुलं बघत राहिली. आठवीतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढा दगड काढून नेला कुठं?" मी सांगितलं, आजूबाजूचे तट बघ, उत्तर सापडतं का. तो तासभर तटाचे चिरे हात लावून पाहत होता. या पोराचे आजोबा पाटे-वरवंटे घडवतात. पूर्वी ते गावोगाव जात्यांना टाकी, म्हणजे छिन्नी, लावत फिरायचे. त्याच्याविषयी पुढे सांगते.

अंधेरीत, म्हणजे त्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरण्याआधी जोड्या केल्या, प्रत्येक जोडीत एक टॉर्च. आत वटवाघळांचा उग्र वास आणि वळणावळणाच्या पायऱ्या. शत्रूला दिशा कळू नये म्हणून बांधलेली वाट आहे, हे टॉर्च मिनिटभर विझवल्यावर न सांगताच कळलं. आमच्यातल्या एका मुलाच्या पायात लहानपणापासून अधूपणा आहे. तो सरांबरोबर खाली चांदमिनारापाशी थांबला आणि त्याने मिनाराचं चित्र काढलं. सगळे खाली आले तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीतरी होतं, याची सोय आधीच करून ठेवली होती. सहलीत एखाद्याला नुसतं "तू बस इथे" म्हणणं मला जमत नाही.

जेवण बरोबरच्या डब्यांचं : भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बारानंतर वेरूळ.

वेरूळला चौतीस लेणी आहेत, पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, शेवटची पाच जैन. आम्ही चारच पाहिली. दहावं, ज्याला लोक सुताराचं लेणं म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या आहेत. बारावं तीन मजली. बत्तिसावं, इंद्रसभा. आणि सोळावं कैलास, त्याला सलग अडीच तास दिले.

कैलास आधी खालून दाखवायचं नाही, हे मी ठरवून गेले होते. बाजूच्या डोंगरवाटेने मुलांना वर नेलं आणि कड्यापासून लांब, रांगेत बसवून खाली बघायला लावलं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं हे काम. डोंगरात वरून चर खणत खाली गेले, मधला ठोकळा उभा राहू दिला आणि त्याच ठोकळ्यातून देऊळ काढलं. त्याला आधी शिखर आलं, पाया सगळ्यात शेवटी. इतकं मी बोलले.

मग खाली उतरलो. मुलं हत्तींकडे, रामायणाच्या पट्टाकडे पांगली. तो पाथरवटाचा नातू मात्र मागच्या भिंतीशी उभा होता, जिथे कोरीव काहीच नाही. मला बोलावून म्हणाला, "हे बघा मॅडम." भिंतीवर तिरप्या रेघा होत्या, एकसारख्या, वीतभर लांब, वरून खाली उतरणाऱ्या. त्याने त्यांवर बोट फिरवलं. "टाकी तिरपी धरून वरून मारलीया. खालून मारली असती तर घाव उलटा दिसला असता. माणूस वर बसला होता, बसत बसत खाली आलाय." थोडं थांबून म्हणाला, "आणि ह्या इथं दुसरा माणूस आलाय. हात बदललाय." मी पाहिलं. खरंच, हातभर अंतरावर रेघांचा कल वेगळा होता.

मी वीस वर्षं शिकवते आहे, कैलास सहा वेळा पाहिलं आहे. त्या भिंतीकडे मी कधी वळून पाहिलं नव्हतं. सगळ्या मुलांना तिथे बोलावलं आणि त्यालाच सांगायला लावलं. वर्गात मागच्या बाकावर बसणारं, कधी तोंड न उघडणारं पोरगं. चाळीस जण त्याच्या बोटाकडे बघत होते.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरात. फोनवर सहा स्वच्छतागृहं सांगितली होती, पोचल्यावर चालू निघाली दोन. चोवीस मुली आणि दोन स्वच्छतागृहं. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघी दाराशी नंबर लावत उभ्या होतो. सकाळच्या पाळ्या रात्रीच कागदावर लिहून भिंतीला डकवल्या. पुढच्या वेळी कोणीतरी आधी जाऊन नळ सोडून बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, हे वहीत लिहून ठेवलं आहे.

दुसरा दिवस, गुरुवार

अजिंठा शंभर किलोमीटर. सहाला निघालो, वाटेत सिल्लोडला पोहे. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी थांबवावी लागते. पुढचे चार किलोमीटर तिथल्याच बसने. धुराने चित्रं खराब होऊ नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. चढण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवलं, कारण वर लेण्यांत सोय नाही. वासाचं तेल कोणी लावायचं नाही, ओरडायचं नाही आणि खडा तर मारायचाच नाही, हे तीनदा बजावलं. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. पाय अधू असलेल्या मुलासाठी डोली ठरवली. तिचे पैसे सहलीच्या खर्चात आधीच धरले होते, त्याच्याकडून वेगळे घेतले नाहीत.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर तीसेक लेणी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याच्या नजरेला ती पडली, आणि त्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव-तारीख कोरून ठेवली. मुलांना हे सांगितल्यावर एकीने विचारलं, "मग त्याला कोणी रागावलं नाही?" ज्या खांबावर इसवी सनाच्या आधीपासून कोणाचं नाव नव्हतं तिथे त्याने आपलं लिहिलं, याचा तिला खरोखर राग आला होता. भिंतीवर नावं लिहू नका असं वेगळं सांगायची गरज मग उरली नाही.

पहिल्या लेण्यात चपला काढून, थोडे थोडे करून गेलो. मंद उजेड. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, तोवर काहीच दिसत नाही, आणि बरेच लोक त्या दोन मिनिटांतच बाहेर पडतात. आम्ही गप्प उभे राहिलो. हळूहळू डावीकडे पद्मपाणी बोधिसत्त्व दिसू लागला : झुकलेली मान, हातात निळं कमळ, खाली वळलेले डोळे. कुणीतरी हलकेच म्हटलं, "त्याला वाईट वाटलंय."

चित्र कशावर काढलं हे मी बाहेर येऊन सांगितलं. कातळ आधी खरबरीत ठेवायचा, त्यावर माती, शेण, भाताचा तूस आणि काडीकचरा मळून लेप द्यायचा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी. निळा मात्र लांबून, अफगाणिस्तानच्या बाजूने आलेल्या दगडाचा. "म्हणजे कुडाच्या भिंतीसारखंच की!" असं तीन-चार जणी एकदम म्हणाल्या. यांच्या घरी दिवाळीआधी हेच मिश्रण आई मळते. त्यांपैकी एकीने लगेच दुरुस्ती सांगितली : भुसा जास्त झाला तर भेगा पडतात, शेण कमी पडलं तर पोपडे निघतात. चित्राचे पोपडे कुठे कुठे निघालेत ते मग त्या शोधत फिरल्या.

सोळा-सतरा क्रमांकाची लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सोळाव्याच्या लेखात त्याचा मंत्री वराहदेव याचं नाव आहे. तिथे फार वेळ काढला नाही, मुलं थकली होती.

साडेतीनला खाली आलो. बसच्या रांगेत जोड्यांनी मोजलं तर एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस. जोडीतलं एक हरवलं तर दुसरं सांगतं, म्हणून ही पद्धत. पण जोडीच्या जोडीच मागे राहिली तर सांगणार कोण? हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सरांना मुलांपाशी ठेवलं आणि मी पुन्हा पायऱ्या चढले. ती चढण मला अजून आठवते, छातीत ठोके पडत होते आणि प्रत्येक लेण्याच्या दारातून आत बघताना नदीचा कडा डोळ्यांसमोर येत होता. सुरक्षारक्षकाने पुढच्या रक्षकाला हाक दिली, त्याने त्याच्या पुढच्याला. सव्विसाव्या लेण्यातून उत्तर आलं.

दोघी तिथे महापरिनिर्वाणाच्या बुद्धासमोर जमिनीवर बसल्या होत्या. सात मीटर लांबीचा निजलेला बुद्ध, उजवा हात गालाखाली. एकीच्या वहीत तो हात अर्धा काढून झाला होता. तिने मला पाहून घाबरण्याऐवजी सांगितलं, "मॅडम, खालची सगळी रडतात आणि वरची गातायत. असं कसं?" मी तिच्यावर रागावणार होते. रागावलेच नाही. शेजारी बसले, तिला बोट पूर्ण करू दिलं. खाली शोक करणारे शिष्य आहेत, वर आनंदलेले देव, एकाच मरणाकडे दोघं दोन बाजूंनी बघतात, एवढं मला येत होतं तेवढं सांगितलं.

त्या रात्री मोजणीची पद्धत बदलली. प्रत्येकाला एक ते चाळीस क्रमांक, आणि मोजताना ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा.

तिसरा दिवस, शुक्रवार

जालना मार्गे सिंदखेडराजा. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आज शांत होतं. मुलींनी आपणहून रांगेत उभं राहून डोकं टेकवलं. जेवलो आणि पुढे निघालो.

लोणारला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. विवराच्या काठावर उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीची, दीडशे मीटर खोल वाटी, आत झाडी, मधोमध हिरवट पाणी. मी विचारलं, हा ज्वालामुखीचा खड्डा का नाही? वर्षानुवर्षं मोठमोठ्या लोकांनाही तो तसाच वाटत होता. पुढे इथल्या दगडात प्रचंड आघातानेच बनते अशी काच सापडली आणि अशनीच्या धडकेचा पुरावा मिळाला. तो पाथरवटाचा नातू वाकून काठाचे थर बघत होता. "कडेला थर वर उचकटल्यात," तो म्हणाला. तेच मला शिकवायचं होतं.

चौथा दिवस, शनिवार

सकाळी आधी धारेवर, गोमुखाच्या झऱ्यावर. तिथे बारमाही पाणी पडतं. मुलांनी हळदीची एकेक पट्टी त्यात बुडवली, पट्टी पिवळीच राहिली. मग पायवाटेने खाली उतरलो. हे अभयारण्य आहे. दगड, पाणी, पीस, काही उचलायचं नाही, प्लास्टिक वरच ठेवलं. तळ्याजवळ गेलं की वास बदलतो, काठावर क्षारांची पांढरी साय दिसते. जून २०२० मध्ये हे सगळं पाणी गुलाबी झालं होतं. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी या तळ्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

वनरक्षकांना विचारून काठाशी एकेकाने दुसरी पट्टी टेकवली. हळद बघता बघता लालभडक झाली. चाळीस पट्ट्या, चाळीस लाल. साबणाच्या हाताने हळदीचा डाग धुताना असंच होतं, हे मुलींनीच सांगितलं. पाणी अल्कधर्मी आहे हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.

दुपारी मंठा, जालना, अंबड करत परत. शहागडच्या पुलावर संध्याकाळ झाली. सातला शाळेच्या दारात गाडी लागली, एक ते चाळीस आकडे झाले. आजी-आजोबा शाली पांघरून उभे होते. पाथरवट आजोबांनी नातवाच्या पाठीवरची पिशवी काढून घेतली, आणि तो त्यांच्या तळहातावर बोटाने तिरपी रेघ ओढून काहीतरी दाखवत चालू लागला.

बुद्धाचा हात काढणारी मुलगी माझ्यापाशी आली. "मॅडम, आईला एक फोन लावता?" मुकादमाच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे कोपीतला, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीतला अंधार, चुलीचा उजेड, उसाचं वाढं, आणि मग आईचा चेहरा. मुलीने दोन्ही पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरल्या, पिवळी आणि लाल. आईने नीट बघून विचारलं, "मग पाणी गोडं हाय का खारं?"

"दोन्ही हाय, आई. एकाच खड्ड्यात."